पाचावरचा ठिपका

बटणांचा साधा फोन अजून पुष्कळ घरांत असतो. तो हाती घेऊन डोळे मिटावेत आणि अंगठ्याचे टोक आकड्यांवरून हळूहळू फिरवावे. सारी बटणे बोटास सारखीच लागतात. मात्र मधोमध असलेल्या पाचाच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा जाणवतो. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा तो ठिपका असतो. वर्षानुवर्षे फोन वापरूनही तो कधी ध्यानात न आलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. परंतु ज्यास दिसत नाही त्याच्या लेखी हा ठिपका म्हणजे गावाच्या मध्यावरील पारच होय. पार सापडला की गावातली सारी घरे सापडतात. पाचाच्या वर दोन, खाली आठ. डाव्या हातास चार, उजव्या हातास सहा. आणि चार कोपऱ्यांत एक, तीन, सात व नऊ. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे दृष्टिहीन मनुष्य कोणाचीही मदत न घेता हवा तो नंबर फिरवू शकतो. संगणकाच्या कीबोर्डवर एफ व जे ह्या दोन इंग्रजी अक्षरांच्या बटणांवर बारीक रेघा उठवलेल्या असतात, त्याही अशाच, न पाहता बोटांस जागा कळावी म्हणून.

इ. स. २००७ मध्ये अमेरिकेतील ॲपल कंपनीने आयफोन बाजारात आणला आणि पुढील काही वर्षांत फोनचे रूपच पालटून गेले. आकड्यांची बटणे गेली, त्यांच्या जागी गुळगुळीत काच आली. काचेवर आकडे उमटत, चित्रे उमटत, आणि क्षणात नाहीशीही होत. पाहणाऱ्यांस मोठे कौतुक वाटले. पण बटणांबरोबर तो ठिपकाही गेला, ह्याची वाच्यता फारशी झाली नाही. दृष्टिहीन माणसाच्या बोटास ह्या काचेवर ना चढ लागे, ना उतार. त्यातही अडचण अशी की, ही काच हात लागताच काम करू लागणारी. अंधाऱ्या खोलीत दिव्याचे बटण शोधण्यासाठी भिंत चाचपावी, आणि भिंतीस जेथे जेथे हात लागेल तेथे तेथे एकेक घंटा वाजू लागावी, तशी ती गत होती. शोधणाऱ्या बोटाने भलत्यालाच फोन लागावा, भलतेच पत्र पुसले जावे. आता हे यंत्र अंध माणसांच्या हातून कायमचे गेले, असे पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही.

ह्या काचेवर वाट कशी काढली गेली, त्या हकीकतीचा एक धागा पुण्यापर्यंत जातो.

टी. व्ही. रामन ह्यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूच्या विकाराने त्यांची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. डाव्या डोळ्याने थोडेसे दिसे, तेवढ्यावर ते वाचीत. चौदाव्या वर्षी तेही दिसेनासे झाले. गणिताची आवड मात्र गेली नाही. त्यांचा भाऊ, त्यांचे मार्गदर्शक आणि एक मदतनीस त्यांस पुस्तके व उदाहरणे वाचून दाखवीत, आणि रामन ती ऐकून मनातल्या मनात सोडवीत. रंगीत चौकोनांचा रुबिकचा ठोकळा त्या सुमारास जगभर गाजत होता. रामन ह्यांनी ब्रेलच्या खुणा असलेला ठोकळा मिळवला आणि तो नुसत्या बोटांनी अर्ध्या मिनिटाच्या आसपास जुळवण्याइतका सराव केला. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून ते गणिताचे पदवीधर झाले. पुढे मुंबईच्या आय. आय. टी.त आणि नंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकले. १९९४ साली त्यांस कॉर्नेलची डॉक्टरेट मिळाली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय शाळेतल्या मुलालाही कळण्याजोगा आहे. गणित तोंडाने वाचून दाखवावयाचे म्हटले तर एक पंचाईत होते. 'क्ष अधिक एकचा वर्ग' असे कोणी वाचले, तर वर्ग कशाचा? एकट्या एकाचा, की क्ष आणि एक ह्यांच्या बेरजेचा? कागदावर कंस दिसतो आणि घाताचा आकडा थोडा वर लिहिलेला दिसतो, म्हणून डोळस माणसास शंका येत नाही. केवळ ऐकणाऱ्यास मात्र दोन्ही उदाहरणे एकच वाटतात, आणि उत्तरे तर निराळी येतात. क्ष म्हणजे तीन मानले, तर एका अर्थाने उत्तर ४ आणि दुसऱ्या अर्थाने १६! रामन ह्यांनी संगणकाला गणित वाचावयास शिकवले ते असे, की घाताचा आकडा आला की संगणकाचा स्वर उंच व्हावा. डोळ्यांना जे 'वर' दिसते ते कानांना 'वरच्या पट्टीत' ऐकू यावे. ह्या प्रणालीचे नाव त्यांनी 'ॲस्टर' असे ठेवले; त्यांस रस्त्याने नेणाऱ्या वाटाड्या कुत्र्याचे नावही ॲस्टरच होते.

२००५ साली रामन गूगल कंपनीत दाखल झाले. चार्ल्स चेन हे त्यांचे तेथील सहकारी. काचेचे फोन येऊ लागले तेव्हा ह्या दोघांपुढे तोच प्रश्न उभा राहिला: काचेवर पाचाचा ठिपका आणावा कोठून? काचेवर उंचवटा चिकटवणे हा काही उपाय नव्हे, कारण आकडे आज येथे दिसतात तर उद्या तेथे. त्यांनी प्रश्नच उलटा केला. पाच कोठे आहे हे बोटाने कशास शोधावयाचे? बोट जेथे टेकेल तेथेच पाच आहे, असे फोनने का मानू नये?

आणि तसेच त्यांनी केले. बोट काचेवर कोठेही टेकवावे. ती जागा पाचाची. तेथून बोट सरळ वर सरकवले की दोन, सरळ खाली सरकवले की आठ, तिरपे वर डावीकडे नेले की एक. फोन आकड्याचा उच्चार करून सांगे. चूक झालीच तर फोन नुसता हलवावा, म्हणजे आकडा पुसला जाई. ह्यासाठी नवे यंत्र करावे लागले नाही की काच बदलावी लागली नाही. जी काच दृष्टिहीनांच्या वाटेतील धोंड वाटत होती, तिच्यावर सगळीकडेच आता पाच होता! साध्या फोनवरील ठिपका शोधावा तरी लागे. येथे तोही शोधावयास नको.

आकड्यांचा प्रश्न असा सुटला. पण फोनवर आकड्यांखेरीज शेकडो गोष्टी असतात. पत्रे, बातम्या, गाणी, नकाशे, घड्याळ, बँकेचा हिशेब. त्या साऱ्या काचेवर निरनिराळ्या ठिकाणी मांडलेल्या असतात, आणि 'जेथे बोट तेथे पाच' ही युक्ती तेथे चालत नाही. तेथे निराळा विचार करावा लागला. डोळस माणसाचा स्पर्श ही आज्ञा असते. चित्र त्याने आधी पाहिलेले असते, नाव वाचलेले असते. बोट लावण्यापूर्वीच त्याचे ठरलेले असते. दृष्टिहीन माणसाचा पहिला स्पर्श हा मात्र प्रश्न असतो. 'येथे काय आहे?' असे त्याचे बोट विचारीत असते. फोन ह्या प्रश्नालाच आज्ञा समजून कामास लागे, आणि सारा घोटाळा तेथे होत असे. तेव्हा प्रश्न कोणता आणि आज्ञा कोणती, ह्यांत फोनने भेद करावा, एवढेच हवे होते.

जून २००९ मध्ये आलेल्या आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' नावाची सोय आली, तिने हा भेद केला. त्याच वर्षी अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' ही सोय आली. काचेवर बोट फिरवून शोध घेण्याची पद्धत मात्र अँड्रॉइडमध्ये २०११ साली रुळली. दोहोंची रीत सामान्यतः एकच आहे. ही सोय चालू असताना काचेस एकदा बोट लावले तर काहीच उघडत नाही. बोटाखाली जे असेल त्याचे नाव तेवढे फोन उच्चारतो. बोट उचलू नये, तसेच सरकवीत जावे: 'घड्याळ', 'कॅमेरा', 'संदेश', असे फोन सांगत जातो. हवे ते नाव ऐकू आले की काचेवर दोनदा चटचट बोट आपटावे. ही झाली आज्ञा. गंमत अशी की, ही दुहेरी टकटक त्याच चित्रावर करावी लागत नाही. काचेवर कोठेही केली तरी चालते, कारण शेवटी कोणते नाव उच्चारले ते फोनने ध्यानात ठेवलेले असते. चाचपडण्याची दगदगही नको असेल तर बोट उजवीकडे झटकन सरकवावे. पुढचे नाव ऐकू येते. डावीकडे सरकवले तर मागचे. जपमाळेचे मणी ओढावेत तसा हा क्रम चालतो.

पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये आवाज कमीजास्त करण्याची दोन्ही बटणे काही क्षण एकदम दाबून धरली की टॉकबॅक सुरू होते. एखाद्या डोळस माणसाच्या हातून ती चुकून दाबली जातात, फोन एकाएकी बडबडू लागतो, आणि एका बोटाने काहीच उघडेनासे होते. घरात हलकल्लोळ माजतो. फोन बिघडला म्हणून कोणी तो दुरुस्तीस नेण्याच्याही गोष्टी करू लागतो. वास्तविक तीच दोन बटणे पुन्हा तशीच दाबून धरली की काम होते.

फोन बोलतो ते वरवर सोपे वाटते. पण लिहिलेल्या मजकुराचा उच्चार करणे यंत्रास बरेच अवघड जाते. मराठीपुरतेच पाहिले तरी पुरे. 'कमळ' ह्या शब्दात तीन अक्षरे आहेत आणि तिन्हींत 'अ' हा स्वर लिहिलेला आहे. बोलताना मात्र शेवटचा 'अ' कोणी उच्चारीत नाही. 'बसला' असे लिहितात आणि 'बस्‌ला' असे म्हणतात. हे नियम लहान मूल आईच्या मांडीवर शिकते. यंत्राला ते एकेक करून शिकवावे लागतात. 'चार' आणि 'चारा' ह्या शब्दांतील 'च' लिहिण्यात एकच, पण उच्चारात निराळा. 'जरा थांब' म्हणताना जो 'जरा' येतो तो वेगळा, आणि म्हातारपण ह्या अर्थाची 'जरा' वेगळी. लिपीत हा भेद दाखवीत नाहीत. मनुष्य मागचे-पुढचे शब्द पाहून उच्चार ठरवतो; यंत्रालाही तसेच मागेपुढे पाहावयास शिकवावे लागते. 'रु.' दिसले की 'रुपये' म्हणावे, 'डॉ.'पुढील टिंबाशी वाक्य संपले असे समजून थांबू नये, अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात. पूर्वी ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे जोडून शब्द तयार करीत, त्यामुळे बोलणे तुटक व कृत्रिम वाटे. अलीकडे माणसाच्या बोलण्याचे अनेक तासांचे नमुने यंत्रास ऐकवतात आणि त्यांवरून ते स्वतःच बोलण्याची ढब उचलते. ह्यामुळे आवाजात माणूसपण आले आहे. मात्र सरावलेल्या दृष्टिहीन श्रोत्यांस आवाजाच्या गोडव्यापेक्षा त्याचा वेग अधिक महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट, तिप्पट वेगाने ते मजकूर ऐकतात. शेजारी बसलेल्यास तो नुसता किलबिलाट वाटतो, आणि ऐकणारा मात्र त्यातून वर्तमानपत्राचा रकाना सरसर वाचून मोकळा होतो.

फोन चित्राचे नाव सांगतो, पण ते नाव त्यास ठाऊक कसे? फोनला काही चित्र पाहून 'हा कॅमेरा' असे ओळखता येत नव्हते. ज्या कारागिराने तो प्रोग्रॅम लिहिला, त्याने प्रत्येक चित्रामागे एक नाव लिहून ठेवावे अशी योजना असते. हे नाव डोळस माणसास दिसत नाही. ते केवळ बोलणाऱ्या फोनसाठी असते. घराच्या दारावर पाटी लावावी, तसलेच हे काम. दोन शब्द लिहावयाचे, त्यास फार तर एक मिनिट लागेल. परंतु पुष्कळ कारागीर तेवढे करीत नाहीत. मग दृष्टिहीन माणसाचे बोट काचेवरून फिरते आणि फोन सांगत जातो: 'बटण. बटण. नाव नसलेले बटण.' ह्यांतील एका बटणाने पैसे पाठवले जातात, दुसऱ्याने सारे रद्द होते आणि तिसरे जाहिरातीचे असते. कोणते कोणते, हे कळावे कसे? ज्या गल्लीत एकाही दारावर पाटी नाही, तेथे पत्र वाटणाऱ्या पोस्टमनने काय करावे?

अशा वेळी तो मनुष्य शेजाऱ्यास किंवा घरातल्या कोणास तरी हाक मारतो. हाक मारण्यात कमीपणा नाही. माणसे एकमेकांस हाक मारीतच असतात. पण ही हाक काही वेगळी आहे. मदतीला येणाऱ्यास बँकेचा पिन सांगावा लागतो, आलेला ओटीपी त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो, खात्यात किती रक्कम आहे हे त्यास आपोआपच कळते. पूर्वी दृष्टिहीन माणसास आलेले प्रत्येक पत्र दुसऱ्याने फोडून वाचावयाचे, मग त्यात आनंदाची बातमी असो की उसने पैसे परत मागणारा तगादा असो. बोलक्या फोनने हे बंद केले होते. कानात इअरफोन घातला की पत्र ज्याचे त्यालाच कळे. ज्या ठिकाणी चित्रामागे नाव लिहिलेले नसते, त्या ठिकाणी हा मनुष्य पुन्हा त्या जुन्या दिवसांत जाऊन पडतो. आणि हे नाव न लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असते असेही नाही. त्यास त्या माणसाची आठवणच झालेली नसते. भारतात २०११ सालच्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख भरली होती. इतक्या लोकांचा विसर पडणे ही लहान चूक म्हणता येत नाही.

काही ठिकाणी तर नाव लिहूनही भागत नाही. एखादे पान उघडण्यापूर्वी वेडीवाकडी अक्षरे दाखवून, आपण यंत्र नसून मनुष्य आहोत हे सिद्ध करा, असे फोन सांगतो. ज्यास ती अक्षरे दिसत नाहीत तो सिद्ध करू शकत नाही, आणि यंत्राच्या हिशेबी मनुष्यच ठरत नाही! बँकेत ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी फोनसमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करावयास सांगत. ॲसिडच्या हल्ल्यात ज्यांचे चेहरे व डोळे भाजले त्यांस ही उघडझाप करणे शक्य नव्हते. आणि ज्यांस दिसत नाही त्यांस चेहरा चौकटीत आला की नाही हेही कळत नव्हते. असे काही लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, अशा डिजिटल सोयी सर्वांस वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटवण्याच्या रीती विकलांग व्यक्तींस वापरता येतील अशा कराव्यात, म्हणून न्यायालयाने सरकारला व संबंधित संस्थांना वीस निर्देश दिले.

नोटांची गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. पूर्वी अनेक दृष्टिहीन माणसे नोट बोटांच्या मापाने ओळखीत. २०१६ नंतर नव्या मालिकेच्या नोटा आल्या. त्यांतील शंभर, दोनशे व पाचशे रुपयांच्या नोटांची रुंदी सारखीच, म्हणजे ६६ मिलिमीटर आहे. लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५० मिलिमीटर आहे. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे गव्हाच्या एका दाण्याहून कमी लांबी! भाजीवाल्याच्या गाड्यासमोर, गर्दीत, घाईत, तो बोटाने कसा कळावा? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मणी' नावाचे ॲप काढले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती किती रुपयांची आहे हे फोन बोलून सांगतो, आणि त्यास इंटरनेटही लागत नाही. एक मात्र खरे की, खरेदी करताना एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नोट, आणि मग फोन धरावा कोणत्या हाती, हा प्रश्न ॲपने सोडवलेला नाही.

फोनचे बोलणे ज्यांच्या कामाचे नाही, त्यांच्यासाठी त्याचे ऐकणे आहे. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी काचेवरील प्रत्येक चित्रावर फोन एकेक आकडा उमटवतो. माणसाने तोंडाने आकडा म्हणावा, फोन ते चित्र उघडतो. २०१७ साली गूगलने मराठीतून बोलून लिहिण्याची सोय केली. तिचा उपयोग हात अधू असलेल्यांस होतोच; पण ज्या आजीस काचेवरची अक्षरे जुळवणे जमत नाही, तीही आता नातवास बोलून पत्र पाठवते. यंत्राने जी भाषा अधिक ऐकली ती त्यास अधिक कळते. पुस्तकी मराठी ते चटकन टिपते. मालवणी किंवा अहिराणी ऐकून गोंधळते आणि भलतेच काही लिहून ठेवते. बहिऱ्या माणसांसाठी समोरच्याचे बोलणे लगोलग अक्षरांत उमटवणारे एक ॲप २०१९ साली निघाले. ते घडवणाऱ्यांत दिमित्री कानेव्हस्की हे गणितज्ञ होते, आणि त्यांस स्वतःस लहानपणापासून ऐकू येत नाही. रामन ह्यांच्याप्रमाणेच येथेही, अडचण ज्याची, तोच ती सोडवणाऱ्यांच्या रांगेत पुढे उभा होता.

ह्या साऱ्या सोयींत सर्वांत अजब म्हणावी अशी एक आहे. लुई ब्रेल ह्या फ्रेंच मुलाने पंधराव्या वर्षी, १८२४ साली, सहा ठिपक्यांची लिपी रचली. भारतीय भाषांसाठी तिचे सामाईक रूप १९५१ साली ठरले. उभे तीन ठिपके डावीकडे, तीन उजवीकडे; त्यांतील कोणते उठवावयाचे ह्यावरून अक्षर ठरते. आता ही लिपी काचेवर लिहिता येते. फोन आडवा धरावयाचा, काचेचे तोंड आपल्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूस. दोन्ही हातांची तीन-तीन बोटे मागून काचेवर ठेवावयाची. सहा बोटे, सहा ठिपके. ज्या अक्षराचे जे ठिपके, ती बोटे एकदम टेकवली की अक्षर उमटते. येथेही बोटांनी जागा शोधावयाची नाही. बोटे जेथे टेकली तेथेच ठिपके आहेत, असे फोन मानतो. आणि लिहिणाऱ्यास पडद्याची गरजच नसल्यामुळे तो पडदा काळा करून ठेवू शकतो. फोन आत चालू असतो, बाहेर मात्र नुसता अंधार.

मग दादरच्या फलाटावर संध्याकाळी असे दृश्य दिसते. बाकावर एक तरुण बसलेला असतो. शेजारी पांढरी काठी घडी घालून ठेवलेली, एका कानात इअरफोन, आणि फोनची काच लोकांकडे केलेली. त्या काळ्या काचेवर त्याची सहा बोटे पेटीच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी भराभर पडत असतात. शेजारी बसलेल्या आजोबांस राहवत नाही.

"बाळा, उलटा धरलास फोन. आणि बंदही पडलाय तो."

"नाही आजोबा, चालू आहे," तरुण हसून म्हणतो. "घरी कळवतोय, गाडी दहा मिनिटे उशिरा आहे म्हणून."

आजोबा काचेकडे वाकून पाहतात. काचेवर त्यांना स्वतःचा चष्मा तेवढा दिसतो.